अब्बांची पद्मिनी

आमच्या दारात एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. १९८६ चे मॉडेल. रंग पांढरा, म्हणजे आता पुन्हा पांढरा. चिपळुणात आमच्या घराचा पत्ता कोणी विचारला तर लोक गल्लीचे नाव सांगत नाहीत, "फियाटवाल्या मास्तरांचं घर" असे सांगतात. गाडीच्या मागे 'पद्मिनी' लिहिलेले असले तरी मोहल्ल्यात तिला फियाटच म्हणतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवतो. बी.एड. केले, तेरा वर्षे नोकरी झाली, एकदोन शैक्षणिक लेखही छापून आले. पण ओळख मिळाली ती गाडीमुळे, आणि गाडीही आमची नव्हे, अब्बांची.

अब्बा कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. तिथल्या एका कुटुंबाच्या लांबलचक अमेरिकन गाड्या त्यांनी चौदा वर्षे चालवल्या. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. त्या वेळी लाखाहून अधिक हिंदी माणसे अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी घरी आली, त्यांतले एक आमचे अब्बा. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो. अम्मी सांगते की त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत एक घोंगडी, पासपोर्ट आणि मालकाच्या गाडीची किल्ली. किल्ली परत कोणाला द्यायची हे न कळल्यामुळे ती तशीच खिशात राहिली होती. ती किल्ली आमच्या घरी अजून आहे.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत कुवेतहून परतलेल्यांना नुकसानभरपाई मिळाली. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांत त्या पैशांनी कौले गेली आणि स्लॅब आले, मुलींची लग्ने झाली. अब्बांनी त्यातून किराणा दुकानात माल भरला आणि उरलेल्या पैशांत, १९९७ साली, मुंबईच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी विकत घेतली. अम्मीला तो निर्णय पटला नव्हता. चौदा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आता एक आपली, एवढेच ते म्हणाले. अम्मी त्यावर काही बोलली नाही. नंतर मात्र तिने त्या गाडीत बसून तिघींच्या बाळंतपणांना दवाखाना गाठून दिला. मोहल्ल्यात तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती आणि रात्री-अपरात्री रिक्षा मिळत नसे. डेरवणच्या रुग्णालयात पेशंट न्यायचा असो की कराडला, अब्बा लुंगी बदलून पॅन्ट चढवीत आणि किल्ली घेऊन निघत. पेट्रोलचे पैसे कोणी दिले तर घेत, दिले नाहीत तर मागत नसत. नवरदेवांच्या वरातींचे मात्र मागून घेत.

पद्मिनीची हकिगत थोडी सांगितली पाहिजे, कारण आमच्या विद्यार्थ्यांना ही गाडी परदेशी वाटते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्या जोडल्या जात, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातल्या गोल पाठीच्या फियाटला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली आणि १९७४ पासून हीच गाडी पद्मिनी झाली. चार सिलिंडर, १०८९ सी.सी.चे इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खाली, पुढे एकसंध बाकासारखी सीट. ही गाडी मिळण्यासाठी एके काळी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. २००० च्या आसपास तिचे उत्पादन संपले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आणखी वीसेक वर्षे रस्त्यावर राहिली. २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस नोंदणीतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेने निवृत्त झाली.

नावावरून आमचे एक सहकारी थट्टा करतात. "शेवटी पद्मिनी तुमच्याच दारात आली की सर!" आम्ही त्यांना सांगतो की पद्मिनीची आज सर्वांना ठाऊक असलेली कथा १५४० मध्ये अवधी भाषेत रचली ती मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने. तेव्हा आमचा तिच्यावर हक्क जुनाच आहे. ते हसतात आणि आम्हीही हसतो. कधी कधी आम्ही थोडे कमी हसतो.

अब्बा २०१९ च्या जानेवारीत गेले. दफनाच्या दिवशी गाडी रस्त्यात उभी होती, माणसांना जायला अडचण होत होती, म्हणून आम्ही ती काढून घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, भिंतीला लावून उभी केली. जागा किंचित उताराची, म्हणून हँडब्रेक ओढला आणि किल्ली खिळ्याला अडकवली. त्यानंतर अडीच वर्षे आम्ही त्या गाडीला हात लावला नाही. दुःखामुळे असे कोणी समजू नये. आमच्याकडे मोटारसायकल होती, शाळा होती, मग कोरोना आला, मग ऑनलाइन वर्ग आले. ज्या मुलांच्या घरी एकच फोन आणि तोही बापाच्या खिशात, त्यांना आम्ही फोनवरून अपूर्णांक शिकवत होतो. बॅटरी उतरली ती आम्ही काढून ठेवली, मग ती कायमचीच गेली. अम्मी अधूनमधून म्हणे, "गाडी एकदा फिरवून आण." आम्ही म्हणत असू, रविवारी.

२०२१ च्या जुलैचा २२ तारखेचा गुरुवार. चिपळूणकरांना यापुढचे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटेच्या सुमाराला वाशिष्ठीचे पाणी मोहल्ल्यात शिरले आणि चढू लागले. आमच्या गावाला पुराची सवय आहे. २००५ चा पूर आमच्या आठवणीत होता आणि त्याच्या खुणेवर आम्ही सगळे विसंबून होतो. तांदळाची पोती, पुस्तके, शिलाई मशीन असे सगळे वर नेत होतो. मोटारसायकल आम्ही चढावर मशिदीच्या बाजूला नेऊन लावली. परत येईपर्यंत पाणी पद्मिनीच्या चाकांना लागले होते.

गल्लीतले चौघे न बोलावता आले. अब्बांच्या गाडीला सगळेच काही ना काही देणे लागत होते. बॅटरी नाही, तेव्हा ढकलायची. शंभर पावलांवर चढ होता. गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि पाच जणांनी जोर लावला. गाडी हलली नाही. पुढची चाके वळत होती, मागची दोन्ही दगड झाली होती. दांडा खाली पडला होता, तरी ब्रेक आत धरूनच होते. पहारीने हिसके दिले, शिव्या दिल्या, बिस्मिल्ला म्हणून पुन्हा जोर लावला. पाणी गुडघ्यांवर आले तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "सोड मास्तर, पोरं वर ने." आम्ही सोडली.

वरच्या मजल्याच्या खिडकीतून अम्मी पाहत होती. आधी बॉनेट गेले, मग काचा. दुपारी फक्त छतावरच्या कॅरिअरची चौकट पाण्यावर दिसत होती. अम्मी तिथून हलली नाही आणि आमच्याशी बोललीही नाही.

पाणी उतरल्यावर पहिले दोन महिने चिखल उपसण्यात गेले. कोणाच्या घरी काय राहिले आणि काय गेले याचा हिशेब गावात अजून संपलेला नाही, तिथे एका जुन्या मोटारीचे काय घेऊन बसायचे? गाडीच्या आत सीटच्या वरपर्यंत गाळ होता. सप्टेंबरात भंगारवाला आला. अठरा हजार म्हणाला. दोह्याला असलेल्या भाईजानना फोन केला. ते म्हणाले, "देऊन टाक. अठरा देतोय हेच नशीब. अम्मीला मी सांगतो." भाईजान चुकत नव्हते. घराच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च त्यांनीच उचलला होता. आमच्या बेगमचेही मत तेच होते. ती जागा मोकळी झाली तर तिथे न्हाणीघर बांधता येईल आणि अम्मीला जिना चढावा लागणार नाही, हे तिचे म्हणणे बिनतोड होते.

विकायची म्हणजे कागद हवेत. कागद अब्बांच्या लोखंडी कपाटात, वरच्या मजल्यावर, कोरडे. त्यांत आर.सी. बुक होते, पासपोर्ट होता, ती कुवेतची किल्ली होती आणि एक लांबट वही होती. वही उर्दूत होती. अब्बांचे शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर आमच्यापेक्षा चांगले. प्रत्येक पानावर तारीख, मीटरचा आकडा आणि त्या दिवशी गाडीचे काय केले ते. ऑइल बदलले. प्लग साफ केले. रेडिएटरचा होज, इतके रुपये. मध्येच कोणाला कुठे नेले त्याची एक ओळ. आम्ही उर्दूचे मास्तर घराण्यातले, पण बापाचे हस्ताक्षर असे बसून कधी वाचले नव्हते.

एका पानाच्या वरच्या बाजूला चौकट काढून त्यांनी लिहिले होते की पावसाळ्यात हँडब्रेक लावायचा नाही. चाकाला वीट लावायची, गाडी गिअरमध्ये ठेवायची. दमट हवेत ब्रेकचे लायनिंग ड्रमला धरून बसते. ही नोंद १९९८ च्या जूनची.

आम्ही ती वही मिटून पुन्हा कपाटात ठेवली आणि भंगारवाल्याला नाही सांगितले. कारण कोणाला सांगितले नाही. भाईजानना वाटले की किंमत वाढवून मागतोय. बेगमला वाटले की अम्मीने अडवले. अम्मीला काय वाटले कोणास ठाऊक. त्या दोन लोखंडी चाकांमागे काय होते हे आज पहिल्यांदाच लिहितो आहोत, आणि घरी ते असेच छापून वाचले जाईल.

आता गाडी दुरुस्त करायची म्हणजे काय, ते आम्हाला माहीत नव्हते. विज्ञान शिकवणे वेगळे. चार फेऱ्यांच्या इंजिनाची आकृती फळ्यावर आम्ही डोळे मिटून काढतो, पण स्पॅनर उलटा धरतो. म्हणून उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक मेस्त्री. त्यांची तरुणपणची तीस वर्षे नागपाड्याच्या बाजूला टॅक्सी दुरुस्त करण्यात गेली, दम्यामुळे गावी परत आले. आमचे ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पाणी उतरल्यावर स्टार्टर मारला काय?"

"बॅटरीच नव्हती."

"मग बरं झालं. बॅटरी असती तर तुम्ही मारला असता."

बुडालेल्या गाडीचे इंजिन घाईने चालू केले तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या आळसाने तेवढे एक पुण्य केले होते. उस्तादांनी अट घातली की ते खुर्चीवर बसून सांगतील आणि हात आमचे. पैसे रोजच्या हिशेबाने. त्यांनी पैसे घेतले आणि ते योग्यच केले. फुकट शिकवणारा गुरू आम्ही स्वतः कधी झालो नाही, तर दुसऱ्याकडून ती अपेक्षा का करावी?

२०२१ च्या दिवाळीच्या सुटीत सुरुवात झाली. प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतले आणि तसेच ठेवून दिले. खालचा बोल्ट काढला तेव्हा चेंबरमधून आधी पाणी आले, नंतर ऑइल आले ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे. पिस्टन धरून बसले होते. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून आम्ही इंजिन फिरवायचा प्रयत्न करायचो, जोर न लावता, फक्त अंदाज घेत. पंधराव्या दिवशी नट बोटभर फिरला. आम्ही ओरडलो. बेगम धावत बाहेर आली. तिला वाटले बोट गेले.

मागची चाके उघडायला तीन दिवस लागले. ड्रमला चहूबाजूंनी हातोडीने ठोकत, गरम करत, पुन्हा ठोकत. शेवटी ड्रम आला तेव्हा लायनिंगचा तुकडा त्याला चिकटूनच आला. उस्तादांनी तो आमच्या हातात दिला. "हे असं होतं," म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हते. आम्ही तो तुकडा टाकला नाही, टेबलाच्या खणात ठेवला.

पत्र्याचे काम सर्वांत किचकट. पाण्याने गाडी एका दिवसात मरत नाही, गाळाने मरते. फ्लोअरवरच्या फेल्टने महिनोन् महिने ओल धरून ठेवली होती. ती खरवडून काढली तर ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. दारांच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती गाळाने बुजली होती आणि दारे आतून कुजत होती. रंग घासत गेलो तसा पांढऱ्याखाली फिकट हिरवा लागला, त्याखाली गडद निळा, आणि मधेमधे जाडच जाड लांबी. मुंबईच्या डॉक्टरांनी गाडी कुठे कुठे ठोकली होती याचा नकाशाच मिळाला. कुजलेला पत्रा कापून नवा जोडायला डेंटरला बोलावले, ते काम घरी होण्यासारखे नव्हते. बाकी घासणे, गंज काढणे, रेड ऑक्साइड मारणे, पुन्हा घासणे हे सगळे आमच्या अंगणात झाले.

घासायला आमच्या वर्गातली काही मुले येत. मास्तर मुलांना राबवतात अशी कुजबुज झाली, तेव्हा आम्ही त्यांच्या घरी जाऊन परवानगी आणली आणि नाश्ता वाढवला. त्यांतला एक मुलगा आठवीत होता. वर्गात वाचायला उठवला की त्याचा घाम सुटे. तीन वर्षे आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' लिहीत आलो होतो. उस्तादांनी त्याला डेल्कोचे झाकण उघडून पॉइंट दाखवले. दोन पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी ठेवायची. आम्ही फीलर गेज घालून वाकून मोजत बसलो होतो. पोराने प्लॅटिनमच्या टोकांना पॉलिश पेपर मारला, डोळा जवळ नेला, स्क्रू फिरवला आणि "झालं" म्हणाला. आम्ही गेज घालून पाहिले. बरोबर होते. त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात आम्ही काय लिहिले ते सांगण्यासारखे नाही, कारण त्या नमुन्यात असे काही लिहायला जागाच नसते. तो आता आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला आहे. फॉर्म मराठीत आणि इंग्रजीत असतात म्हणून आमची उर्दूची मुले तिथपर्यंत पोचतच नाहीत. त्याचा फॉर्म आम्ही भरला, पण शेजारच्या गल्लीतल्यांचा कोण भरतो?

सुट्या भागांसाठी मुंबईच्या फेऱ्या झाल्या. ऑपेरा हाउसच्या दुकानांत रबराचे सामान, ब्रेकचे किट, गॅस्केट मिळाले. बाकीचे कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि चोरबाजारात मटन स्ट्रीटवर. टॅक्स्या एकेक करून मोडीत गेल्या त्यांचे हे वैभव. डाव्या दाराची पुढची तिकोनी काच आम्हाला अशाच एका टॅक्सीची मिळाली, कडेला पिवळ्या रंगाचा थेंब अजून आहे, आम्ही खरवडला नाही. कुर्ल्याला गेलो तेव्हा प्रीमियर रोडवरूनही चालत गेलो. रस्त्याला नाव उरले आहे. कारखान्याच्या जागी उंच इमारती आहेत.

अडीच वर्षे लागली. पैसे एक लाख पंच्याऐंशी हजार, हा आकडाही घरी छापूनच कळेल. यात पेट्रोलची टाकी धरलेली नाही. ती झाळून घेतली आणि पुन्हा गळली, शेवटी दुसरी आणली. वायरिंगचा अख्खा गुच्छ नवा घातला. सीटचा काथ्या आणि फोम फेकून नवीन भरला, रेक्झिनचे शिवणकाम अम्मीच्या मशीनवर झाले, तेच मशीन जे आम्ही त्या पहाटे आधी वर नेले होते. शिवायला अम्मी स्वतः बसली. आम्ही विनंती केली नव्हती.

२०२४ च्या मे महिन्यात इंजिन धरले. पहिल्या दिवशी निळा धूर, दुसऱ्या दिवशी कमी. इकबालांच्या १९२४ मध्ये निघालेल्या 'बांग-ए-दरा'त 'मोटर' नावाची एक छोटी नज्म आहे. एका नवाबाची मोटार किती शांतपणे चालते याचे कौतुक तिच्यात आहे. आमच्या गाडीला ती नज्म लागू नाही. ती चालू झाली की गल्लीतल्या कोंबड्या पळतात.

मग नोंदणी. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. आमची मुदत नेमकी २०२१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पुरानंतर महिन्याभरात, संपली होती. २०२२ च्या एप्रिलपासून ही फी सहाशेवरून पाच हजार झाली. वर उशिराचा दंड महिन्यागणिक आणि पर्यावरण कर. तपासणी करणाऱ्या साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, "विंटेजमध्ये का नाही टाकत?" पण २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज व्हायला पन्नास वर्षे पुरी लागतात. आमची पद्मिनी २०३६ साली विंटेज होईल. तोपर्यंत ती नुसतीच जुनी.

ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नये. ओल आत कोंडते आणि पत्रा खालून जातो, जुनी सुती चादर बरी. दर आठवड्याला जागेवर इंजिन चालू करून बंद करणे हे गाडी न चालवण्यापेक्षाही वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साठते. नेली तर दहापंधरा किलोमीटर न्यावी. दारांच्या भोकांत जूनच्या आधी केसांची पिन फिरवावी. आणि हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांची रबरी नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो आणि फाटतो. नळ्या बदलून घ्याव्यात, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा, कारण हे पेट्रोल हवेतली ओल पिते. हे शेवटचे अब्बांच्या वहीत नाही. त्यांच्या वहीपुढच्या कोऱ्या पानांवर आम्ही ते लिहिले, उर्दूतच. अक्षर त्यांच्यापुढे काहीच नाही.

बेगमचे न्हाणीघरही झाले. दुसऱ्या बाजूला, थोडे लहान. ते लहान झाले हे ती महिन्यातून एकदा तरी सांगते.

भाईजान यंदा सुटीवर आले. गाडीभोवती फिरले, दार उघडले, लावले, पुन्हा उघडले. "आवाज तोच आहे," म्हणाले आणि आत गेले. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. जाण्याच्या दिवशी स्टेशनवर सोडायला त्यांनी रिक्षा बोलावू दिली नाही.

अम्मी मात्र गाडीत बसायला वर्षभर तयार नव्हती. गुडघे दुखतात म्हणे, गर्मी होते म्हणे. गेल्या एप्रिलमध्ये कराडला खालाची तब्येत बिघडली तेव्हा ती आपण होऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली. आम्ही कुंभार्ली घाटाने निघालो. ऊन कडक होते. घाटात निम्म्यावर, एका वळणाआधी, इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडले. आम्ही बॉनेट उघडले. पॉइंट पाहिले, प्लगच्या वायरी चाचपल्या, पेट्रोल होते. मागे ट्रक हॉर्न देत होते. अडीच वर्षे या इंजिनाचा एकेक नट हाताळलेले आम्ही तिथे घामाघूम होऊन उभे होतो आणि काही सुचत नव्हते.

अम्मीने काच खाली केली.

"पंपावर ओलं फडकं टाक. पेट्रोलची वाफ झालीय. तुझे अब्बा इथंच थांबायचे."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

तिने बाटलीतले पाणी आपल्या ओढणीच्या टोकावर ओतले, टोक फाडून आमच्या हातात दिले आणि डबा उघडून खायला बसली. दहा नाही, वीस मिनिटे लागली. मधे आम्ही चाकामागे दगड लावून आलो. हँडब्रेक लावला नव्हता. अम्मीने आरशातून पाहिले, काही बोलली नाही, आणि डबा आमच्याकडे सरकवला.